सुळेभावीपर्यंत

आमच्या कपाटाच्या वरच्या खणात, रेशनकार्डाच्या झेरॉक्स आणि बंद पडलेल्या मनगटी घड्याळांच्या शेजारी, एक जांभळी मखमली थैली आहे. आत बोटाएवढा चकचकीत डबा. पाहुण्यांची पोरं तो उचलून विचारतात, "काका, पेनड्राइव्ह का?" मी सांगतो, "नाही रे, हा गाण्याचा प्लेअर." मग ती पोरं माझ्याकडे अशी बघतात, जशी मी लहानपणी आजोबांच्या तपकिरीच्या डबीकडे बघायचो.

हा प्लेअर मी २००८ साली घेतला. तेव्हा मी रोज बेळगावहून घटप्रभेला पॅसेंजरनं नोकरीला जायचो. सकाळी सांबरे, सुळेभावी, सुलधाळ, पाच्छापूर अशी स्टेशनं मोजत जायचं आणि संध्याकाळी तीच उलटी मोजत यायचं. रेल्वेची एकच लाइन, त्यामुळे समोरची गाडी जाईपर्यंत कुठल्या स्टेशनात क्रॉसिंगला किती वेळ बसायचं हे गाडीलाही ठाऊक नसायचं. डब्यात तीनच उद्योग चालायचे: पत्ते, उसाचा दर आणि सीमाप्रश्न. मला पत्ते येत नाहीत, माझ्या नावावर एक गुंठा ऊस नाही, आणि सीमाप्रश्नावर सकाळी सव्वासातला बोलायला जी छाती लागते ती मला नाही. म्हणून गाणी.

२००१ च्या ऑक्टोबरात आयपॉड आला तेव्हा त्याचं वर्णन 'खिशात हजार गाणी' असं केलं होतं म्हणे. ते वारं आमच्या खडेबाजारात पोचायला सात वर्षं लागली, आणि पोचलं तेही भलत्याच कंपनीचं नाव घेऊन. त्या कंपनीचं नाव मी सांगत नाही. ते डब्यावर छापलेलं होतं, पण महिन्याभरात माझ्याच अंगठ्यानं पुसलं गेलं. दोन जीबी, अठराशे रुपये, आणि चार घेतले तर दुकानदार नगाला दीडशे सोडणार. म्हणून आम्ही चौघांनी मिळून चार घेतले. एक मी. एक आमच्या डब्यातले, पाच्छापूरला उतरणारे मास्तर. एक खानापूरच्या वहिनी. आणि एक निपाणीचा माझा मेहुणा. चारही डबे एकाच खोक्यातून निघाले होते, नंबरसुद्धा पाठोपाठचे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं त्याला विज्ञानात उत्तर नाही.

मेहुण्याचा प्लेअर तंबाखूच्या वखारीत खिळ्याला टांगलेला असायचा. त्याच्यावर इतकी धूळ की बटण दाबलं तर माणसाला शिंक यावी. तो एक दिवस बंद पडला नाही. वहिनींचा प्लेअर भावाच्या शर्टाच्या खिशातून बादलीत गेला, साबणात भिजला, पिळला गेला आणि दोरीवर वाळत पडला. वहिनींनी तो तीन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला आणि चौथ्या दिवशी लावला, तर म्हणाल्या, "भावजी, आधीपेक्षा ठणठणीत वाजूलालाय की हो!" मास्तरांनी तर स्क्रीनवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाही. रोज तीच तीन गाणी ऐकायची आणि म्हणायचं, "यंत्राला शिस्त लावावी लागते."

माझा प्लेअर मात्र मखमलीच्या थैलीत राहायचा. त्याला ऊन नाही, पाणी नाही, तंबाखू तर नाहीच. आणि आठव्या दिवशी तो मेला.

मेला म्हणजे कुठलंच बटण ऐकेना. मेहुण्याला फोन केला तर तो म्हणाला, "दाजी, तुमचा हातच जड हाय." मग ऑफिस बुडवून गणपत गल्लीच्या आसपास एक दुरुस्तीवाला गाठला. त्यानं भिंग डोळ्याला लावलं, डबा उलटा केला, नखानं कडेची एक बारीकशी पट्टी सरकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "लॉक आगैती री." प्लेअर वाजायला लागला. त्यानं तीस रुपये घेतले. मी विचारलं, "नुसतं लॉक काढायचे तीस?" तर तो शुद्ध मराठीत म्हणाला, "काढायचे पाच. कुठं आहे ते माहीत असण्याचे पंचवीस." हा विनोद मी आधी ऐकलेला होता, पण स्वतःच्या खिशातून त्याचे पैसे पहिल्यांदाच भरत होतो.

दुसरा घोळ भाषेचा. मेनूत पंधरा-सोळा भाषा होत्या. चिनी, जपानी, कोरियन, पोर्तुगीज, बहुतेक तुर्कीसुद्धा. मराठी नव्हती. आणि कन्नडही नव्हती! सीमाप्रश्नावर महाजन आयोग १९६६ ला नेमला, ६७ ला त्याचा अहवाल आला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, बसच्या पाट्यांवरून आम्ही अजून एकमेकांकडे डोळे वटारतो. आणि या बोटभर डब्यानं दोन्ही बाजूंना सारखंच बेदखल करून प्रश्न मिटवला होता. गाडीच्या डब्यात हे सांगितल्यावर पत्त्यांच्या दोन्ही बाजूंचे लोक पहिल्यांदाच एकमतानं संतापले.

त्या संतापात कुणीतरी 'बघू बघू' म्हणत बटणं दाबली आणि प्लेअर चिनी झाला. तो परत माणसात आणायला मला चार दिवस लागले. निपाणीहून मेहुणा फोनवर त्याच्या प्लेअरमध्ये बघून सांगायचा, "मागं या. आता खाली. अजून खाली. दाजी, सातव्यांदा खाली गेलासा काय? मग आता दाबा." मी दाबलं. ते कोरियन निघालं.

भाषा परत आली तरी देवनागरी काही आली नाही. मराठी अक्षरांत नाव असलेलं गाणं स्क्रीनवर नुसत्या चौकोनांची माळ म्हणून दिसायचं. मी चौकोन मोजून गाणी ओळखायला शिकलो. सहा चौकोन, जागा, चार चौकोन म्हणजे अभंग. नऊ चौकोन सलग म्हणजे लावणी. एकदा आषाढीला अंदाज एका चौकोनानं चुकला. अधिक लिहीत नाही.

यात आईनं पोथी भरून मागितली. बावन्न अध्याय, पुण्याच्या भाच्यानं सीडीवर पाठवलेले. तिनं सोवळ्यात बसून कानात दोऱ्या घातल्या, डोळे मिटले, हात जोडले. पहिला अध्याय संपला आणि लगेच दहावा सुरू झाला! मग अकरावा, बारावा असं करत एकोणीस. त्यानंतर दुसरा, आणि दुसऱ्यानंतर वीस. यंत्राला आकडे कळत नाहीत, अक्षरं कळतात. एकानं सुरू होणारे सगळे आधी आणि दोनानं सुरू होणारे नंतर, असा त्याचा हिशेब. शिष्यानं पहिल्या अध्यायात विचारलेल्या प्रश्नाला दहाव्यातली भलतीच कथा उत्तर म्हणून येऊ लागली. आई तशी सोशिक, पण सप्ताह मोडला याचा दोष तिनं चीनला दिला नाही, मला दिला. उपाय एवढाच होता की एक ते नऊ या आकड्यांच्या आधी शून्य लावायचं. नऊ शून्यांसाठी मी सायबर कॅफेत दोन तासांचे पैसे मोजले. शून्याचा शोध भारतीयांनी लावला याचा अभिमान मला तेव्हापासून जरा कमी वाटतो.

आणि अप्पा. अप्पा रेल्वेतून पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, म्हणून निवृत्त झालेले, गल्लीच्या भजनी मंडळात बावीस वर्षं टाळकरी. त्यांना कुमार गंधर्वांचं वेड. कुमार १९२४ साली आमच्याच सुळेभावीत जन्मले, ही गोष्ट ते अशी सांगतात की जणू त्या दिवशी ड्यूटीवर तेच होते. मी त्यांना प्लेअरवर बडा ख्याल लावून दिला. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि कानातनं काढला.

"तंबोरा कुठाय?"

मी समजावलं. एमपीथ्री ही जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या मंडळींची करामत. मोठ्या आवाजाच्या आडोशाला असलेला बारीक आवाज माणसाच्या कानाला कळत नाही, म्हणून तो फाइलीतनं काढूनच टाकायचा. मग सीडीवरचं गाणं अकराव्या हिश्शात बसतं. मिनिटाला साधारण एक एमबी. म्हणून तर या एवढ्याशात पाचशे गाणी मावतात.

अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मला तंबोरा ऐकू येत नाही असं त्या जर्मनांनी ठरवलं? मला न विचारता?"

"तसं नाही अप्पा, सगळ्यांच्याच कानाचा अभ्यास करून..."

"उद्या म्हणतील, बुवा मोठ्यानं गातात, मागं बसलेला टाळकरी कुणाला ऐकू येत नाही. काढा त्यालाही."

यावर काय बोलणार? खरं तर दुकानदारानं तीस रुपये जीबीच्या भावानं भरून दिलेली ती फाइल कुणी, कुठून, कितव्यांदा दाबून बसवली होती देव जाणे. पण अप्पांपुढं जर्मनांची बाजू घ्यायचं मला काही कारण नव्हतं. तसाही त्या एका ख्यालानं माझ्या आठ भावगीतांची जागा खाल्ली होती.

डब्यात तर प्लेअर माझा असा कधी राहिलाच नाही. मी कानात दोऱ्या घातल्या की शेजारचा विचारणार, "काय ऐकूलालाय सायेब?" उत्तराची वाट न बघता एक दोरी माझ्या कानातून त्याच्या कानात. अर्धं गाणं माझं, अर्धं त्याचं. मान मात्र दोघांनी एकदम वळवायची, नाहीतर दोरी सुटते. पुढं एक कान बंद पडला. डावा. तेव्हापासून मी तोच पाहुण्यांना द्यायला लागलो. रायबागकडचे एक उसाचे बागायतदार रोज तो मुका कान घालून घटप्रभेपासून बेळगावपर्यंत मान डोलवत यायचे. एकदा मी न राहवून विचारलं, "कसं वाटतंय?" म्हणाले, "झकास हाय की! आवाज बारीक हाय, पर चाल चांगली हाय."

इतकं झालं तरी मी त्याला टाकला नसता. पण बॅटरी. खोक्यावर दहा तास लिहिलं होतं. पहिलं वर्ष सहा मिळाले, मग चार, मग दोन. घरी कॉम्प्युटर नव्हता, आणि ती आखूड केबल कॉम्प्युटरशिवाय कशालाही लागायची नाही. म्हणून ऑफिसच्या कॉम्प्युटरला दुपारी लावायचा, संध्याकाळी पूर्ण भरलेला घेऊन गाडीत बसायचं. पाच्छापूरला मास्तर चढायचे, त्यांचा वाजत असायचा. सुलधाळ गेलं की माझ्या स्क्रीनवरची बॅटरीची खूण लाल व्हायची. आणि सुळेभावीला गाडी क्रॉसिंगला थांबली की प्लेअर बंद. तान अर्ध्यात असो की अभंग शेवटच्या चरणावर, सुळेभावीच्या पुढे त्यानं एक सूर काढला नाही. पुढचं सांबरे आणि बेळगाव मी उसाच्या दरावर काढायचो. त्या विषयात मी आता बऱ्यापैकी तयार आहे.

अप्पांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदाच प्लेअरविषयी बरं बोलले. "त्या गावात गप्प बसून ऐकायचं असतं, एवढं त्या डब्याला कळतं. तुला कळत नाही."

२०१० च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी प्लेअर खिशात टाकला, तेव्हा रेकॉर्डिंगचं बटण दाबलं गेलं असावं. त्याला रेकॉर्डिंग आहे हेच मी विसरलो होतो. घरी येऊन बघतो तर यादीत एक नवीन फाइल, तासाभराची. पुसून टाकणार होतो, कारण भावगीतांना जागा हवी होती. पण अप्पांनी विचारलं, "काय आहे ते?" आणि चालणारा उजवा कान स्वतःच्या कानात घातला.

पहिली पाच मिनिटं ते काही बोललेच नाहीत. मग डोळे मिटले.

"घटप्रभा सुटली," ते म्हणाले. "करदंटवाला उतरला नाही वाटतं अजून. ऐक, ओरडतोय." कान माझा नव्हता, मी काय ऐकणार? "हा सांधा. गोकाक रोड आलं." थोड्या वेळानं, "पाच्छापूर. लूपला घेतलीय बघ. कोण आहे रे पॉइंटला? जरा लवकर..." आणि पुढं काही पुटपुटले ते त्या पॉइंटवाल्यासाठी होतं, माझ्यासाठी नव्हतं. मधेच खिशातली माझी चिल्लर वाजली की तोंड वाकडं करायचे, बेसूर टाळ वाजल्यासारखं.

तंबोरा कापणारा, पोथी उलटी वाचणारा हा डबा गाडी मात्र हुबेहूब धरतो, हे आम्हाला असं कळलं. मी बॅटरी बदलून घ्यायचं म्हटलं, तर दुरुस्तीवाला म्हणाला की हिच्या मापाची मिळत नाही. मग नोकरी बदलली, मोबाइल आले, भावगीतं फोनमध्ये गेली. वहिनींचा प्लेअर अजून वाजतो म्हणे. मेहुण्याचा वखारीत आहे. मास्तर निवृत्त झाले, प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही.

माझ्या प्लेअरमध्ये आता ती एकच फाइल आहे. अप्पांनी बाकी काही ठेवू दिलं नाही. महिन्यातून एकदा मी जुन्या केबलला लावून तो भरून देतो, ते खाटेवर बसून कानात घालतात, आणि घरात कुणी मोठ्यानं बोललेलं चालत नाही. सुलधाळ गेलं की त्यांचा हात आपोआप मांडीवर यायला लागतो, झेंडी धरल्यासारखा. मग गाडीचा वेग कमी होतो, ब्रेक कुरकुरतात, आणि फाइल संपते.

परवा नातीनं त्यांचा कान ओढून विचारलं, "आजोबा, पुढं काय झालं?"

"गप," अप्पा म्हणाले. "क्रॉसिंग आहे."