निवड हवी, पण वाचनातली
मुलांना वाचनाचे उपक्रम स्वतः निवडू द्यावेत, हे एका लेखातलं म्हणणं मनापासून पटलं. मी मुंबईतल्या गोवंडीत तिसरीला शिकवते. जोडीने वाचणं, गोष्टीतले संवाद म्हणणं, चित्राला शोभेल असं वाक्य गोष्टीतून शोधून लिहिणं, यातलं हवं ते घ्या म्हटलं की एरवी गप्प बसणारी मुलंही पुस्तक उघडतात. मात्र प्रत्येक पर्यायात वाचन असायलाच हवं. नुसतं रंगवायची मुभा दिली तर अडखळणारं मूल रोज तेच घेतं, आणि ज्याला सरावाची खरी गरज तेच मागे राहतं! पुस्तकंही इयत्तेप्रमाणे नको, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावावीत. १९९५ मध्ये मुंबईतच सुरू झालेल्या 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेने मुलांचे गट असेच पातळीनुसार केले. घरी हिंदी-उर्दू बोलणाऱ्या मुलांना गोष्ट आधी ऐकून मग वाचायचा पर्याय जरूर द्या.