मेनूत ‘पेज’ की ‘कस्टम लिंक’? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाचं उदाहरण घेऊन वर्डप्रेसचा (वेबसाइट बनवायच्या प्रणालीचा) मेनू कसा लावायचा, ते माझ्या लेखात होतं. तुमचे आक्षेप दोन. वरच्या पट्टीत ९ नावं देऊन ‘सातचा नियम’ (मेनूत सातपेक्षा जास्त नावं नकोत) मोडला. आणि पत्ता कॉपी करून कस्टम लिंक, म्हणजे हाताने पत्ता लिहिलेली नोंद, टाकली की भागतं, मग साइटवरचं पान यादीतून निवडून ‘पेज’ म्हणूनच घालायचा आग्रह कशाला?

९ जास्त झाली, हे मान्य. ‘वार्षिक अहवाल’ आणि ‘घटना व नियम’ खुशाल फूटरच्या (पानाच्या तळाच्या) मेनूत जाऊ द्या. पण सातचं बंधन नाही. तो आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ सालच्या शोधनिबंधातला. तात्पुरतं किती लक्षात राहतं, याबद्दलचा. मेनू कुणी पाठ करत नाही, तो समोरच दिसतो. खरी अडचण रुंदीची: मराठी नावं लांब असली की लॅपटॉपवर पट्टीच्या दोन ओळी होतात.

कस्टम लिंकचं मात्र अजिबात पटलं नाही. ‘दिवाळी अंक योजना नियम व वर्गणी’ हे शीर्षक घ्या. पानाच्या पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, ९ अक्षरांची जागा खातं आणि वर्डप्रेस २०० अक्षरांवर थांबतं. म्हणून पत्ता ‘…नियम-व-वर’ असा अर्धवट तुटतो. पुढे कुणीतरी तो दुरुस्त करून छोटा रोमन पत्ता देतं, आणि तुमची कस्टम लिंक थेट ४०४ वर, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ या संदेशावर, जाते. पोस्टचा, म्हणजे ब्लॉगमधल्या लेखाचा, पत्ता बदलला तर वर्डप्रेस जुन्यावरून नव्यावर आपोआप नेतं. पेजसाठी ही सोय नाही. बहुतेकांची फसगत इथेच होते. मेनूत ‘पेज’ म्हणून घातलेली नोंद पानाच्या क्रमांकाला बांधलेली असते, पत्ता कितीही बदला. पान ट्रॅशमध्ये टाकलं तर तीही साइटवर दिसेनाशी होते. कस्टम लिंक तशीच लोंबकळत राहते.

लांब शीर्षकाची काळजी नको. नोंद उघडून ‘नॅव्हिगेशन लेबल’मध्ये फक्त ‘दिवाळी अंक’ लिहा, पानाचं शीर्षक तसंच राहतं.

कस्टम लिंक हवी ती बाहेरच्या पत्त्यांसाठी, उदाहरणार्थ सभासदत्वाचा गूगल फॉर्म. पत्त्याच्या जागी नुसतं ‘#’ टाकून केलेला उपमेनूचा मथळा टाळा: बऱ्याच थीममध्ये (साइटच्या तयार रूपांमध्ये) फोनवर बोट लावलं की उपमेनू उघडण्याऐवजी पान वर उडी मारतं.

आता तुमच्या साइटवर करायचं ते असं. वर्डप्रेसच्या डॅशबोर्डमध्ये अपिअरन्स, मग मेनू. प्रत्येक नोंदीच्या उजव्या टोकाला तिचा प्रकार लिहिलेला असतो. ‘कस्टम लिंक’चं थेट ‘पेज’ करता येत नाही. डावीकडच्या पेजेसमधून तेच पान निवडून ‘अ‍ॅड टू मेनू’ करा आणि ओढून जुन्या नोंदीच्या वर आणा. उपनोंदी आधी नव्या नोंदीखाली हलवा, मगच जुनी काढा, नाहीतर त्या एक पायरी वर सरकतात. शेवटी ‘सेव्ह मेनू’. ब्लॉक थीम (सगळी साइट ब्लॉक जोडून सजवायची थीम) असेल तर हेच काम अपिअरन्समधल्या एडिटरमध्ये, ‘नॅव्हिगेशन’खाली सापडेल.