नाव सोडून बाकी सगळं विचारा

हल्ली फ्रेंडलिस्टमध्ये बरीच नवीन मंडळी आलीयेत आणि "तुमच्याबद्दल थोडं सांगा ना" असं इनबॉक्समध्ये तीन-चार जणांनी विचारलं, म्हटलं एकदाच लिहून टाकू. मनमिळाऊ, स्पष्टवक्ती, हळवी वगैरे लिहायला बसले होते पण असलं काय कोणीही स्वतःबद्दल लिहितं, "मी जरा कुजकी आहे" असं अजून एकाही प्रोफाइलवर वाचलं नाही मी. त्यामुळे विशेषणं राहू देत.

तर पहिली गोष्ट, मी तोतरी आहे. टाइप करताना नाही (फेसबुकवर पडीक असण्याचं खरं कारण), बोलताना. आणि सगळ्यात जास्त अडकते ती स्वतःच्या नावावर. बाकी कुठलाही शब्द अडला तर शेजारचा दुसरा उचलता येतो हो, पण नावाला समानार्थी शब्द कुठून आणायचा? अडखळत बोलणाऱ्या बऱ्याच जणांची हीच रड असते. माझं नाव 'क'पासून सुरू होतं आणि 'क' म्हणजे घशात कोणीतरी आतून कडी घातल्यासारखं. शब्द माहितीये, तयार आहे, दारापाशी येऊन उभा आहे, फक्त बाहेर येत नाही, आणि समोरचा हसून म्हणतो "नाव विसरलात की काय?" हा जोक मी निदान दोनशे वेळा ऐकलाय आणि प्रत्येकाला वाटतं तो आपल्यालाच सुचला.

कॉलेज संपल्यावर एक कॉम्प्युटरचा कोर्स लावला होता. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, चला, एकेकाने उठून आपापली ओळख करून द्या. हे वाक्य किती भयंकर आहे ते ज्याचं त्यालाच माहीत. माझा नंबर नववा. आधीच्या आठ जणांची नावं मी ऐकलीच नाहीत कारण मी नुसती माणसं मोजत होते, पाच राहिले, चार राहिले, तळहाताला घाम, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं पडलेलं. उभी राहिले, घसा आवळला, आणि काय झालं देव जाणे, तोंडातून "लता" बाहेर पडलं. एकदम स्वच्छ, कुठेही न अडकता. मागोमाग आडनावही आलं. खाली बसले तेव्हा इतकं हलकं वाटलं की खोटं बोललोय हे लक्षात यायलाच दोन मिनिटं गेली. फॉर्मवर खरं नाव होतं, ते सरांनी विचारल्यावर म्हटलं, घरी मला लता म्हणतात. पुढचे तीन महिने मी लता.

आता माझ्या खोडी. लोकांना त्या विचित्र वाटतात पण निम्म्याअधिक इथूनच आल्यात. एक म्हणजे माझं मराठी जड आहे असं सगळे म्हणतात, कोणी कौतुकाने, कोणी टोमणा म्हणून. अहो 'प' अडतो म्हणून मी पुस्तकाला ग्रंथ म्हणते! मैत्रीण म्हणायची, तू काय ज्ञानी बाई, ग्रंथच वाचतेस. तिला काय सांगणार. बसमध्ये ज्या स्टॉपचं नाव तोंडातून येणार नाही त्याच्या पुढच्या स्टॉपचं तिकीट काढते आणि मागे चालत येते, पावसात सुद्धा. फोनवर माझं "हॅलो" अडलं की पलीकडून "आवाज येत नाहीये, रेंज नाही वाटतं" म्हणून फोन कट होतो, आणि खरं सांगू, मलाही ते सोयीचं पडतं, रेंजवर ढकलून मेसेज करता येतो. गाताना मात्र एकदाही अडकत नाही. सगळ्यांबरोबर एका सुरात प्रार्थना म्हणताना नाही, मांजराशी बोलताना नाही, एकटी बडबडताना तर मुळीच नाही. हे माझंच वैशिष्ट्य नाही, बहुतेक तोतऱ्या माणसांचं असंच असतं. लहानपणी आईला म्हणूनच वाटायचं की मी मुद्दाम करते, गाणं येतं तर बोलायला काय होतं?

बाकी एक खोड आहे तिचा याच्याशी काही संबंध नाही, मी गजर कधीच पूर्ण आकड्यावर लावत नाही, ५:४७, ६:१३ असलं काहीतरी. का ते विचारू नका.

मोठ्या माणसांत साधारण शंभरात एक जण असा बोलतो आणि त्यातही पुरुष बायकांच्या जवळजवळ चौपट, म्हणजे अल्पसंख्याकांतली अल्पसंख्याक मी. २२ ऑक्टोबरला आमचा जागतिक दिवसही असतो, १९९८ पासून. लहान मुलं बरीच अडखळतात आणि त्यातली बहुतेक आपोआप सुधारतात, मी राहिले त्या उरलेल्यांत. भित्रेपणाने होतं, लाडाने होतं, कोणाची नक्कल केली म्हणून होतं, हे सगळं ऐकून झालंय. भीतीने वाढतं हे खरं, पण मूळ मेंदूतल्या बोलण्याच्या यंत्रणेत आहे, ते बऱ्याचदा घराण्यातून येतं आणि २०१० साली तर त्याच्याशी संबंध असलेली काही जनुकंही सापडली. ते वाचलं त्या दिवशी मी आजोबांचा फोटो बराच वेळ बघत बसले. घरात सगळे म्हणायचे, आजोबा मितभाषी होते. मितभाषी कसले!

तोंडात खडे धरून बोलायचा सराव कर, ग्रीसचा डेमोस्थेनिस तसाच मोठा वक्ता झाला, हा सल्ला मला वेगवेगळ्या पाच माणसांनी दिलाय. एकदा केलंही. खडा गिळता गिळता राहिला.

आता माझी मतं, म्हणजे ज्यावरून माझं लोकांशी वाजतं ती. पटापट बोलणारा माणूस हुशार असतो हे मला मान्य नाही. इंटरव्ह्यूमध्ये मी उत्तर माहीत असून अडकले आणि शेजारच्याने चुकीचं उत्तर घडाघड सांगितलं, घेतलं त्याला. दुसरं, समोरच्याचं वाक्य आपण पूर्ण करणं ही मदत नाही. तुम्ही प्रेमाने करता हे कळतं मला, पण दहातल्या सहा वेळा चुकीचा शब्द घालता आणि मग मला तो खोडून पुन्हा पहिल्यापासून चढायला लागतं. थांबा ना जरा, कुठली ट्रेन सुटतेय? आणि तिसरं, मुलांना सारखं "नीट बोल" म्हणू नका. १९३९ साली अमेरिकेत आयोवामध्ये अनाथाश्रमातल्या मुलांवर एक प्रयोग झाला होता, त्यात चांगली बोलणाऱ्या काही मुलांना तुमचं बोलणं बिघडलंय असं सारखं सांगितलं गेलं. ती मुलं तोतरी झाली नाहीत, पण बिचकून बोलायचीच कमी झाली. मला ते वाचून नवल वाटलं नाही, चौथी ते सातवी मी वर्गात एकदाही हात वर केलेला नाही.

हल्ली कोणी ओळख करून द्या म्हटलं की मी आधीच सांगते, मी अडखळते, वेळ लागेल. हे वाक्य कसं काय कोण जाणे, अजिबात अडत नाही. नाव मात्र अजूनही अडतं.

मागच्या महिन्यात रस्त्यात गर्दीत मागून कोणीतरी "अगं ए लता!" अशी हाक मारली. इतक्या वर्षांनी. आणि मी चटकन वळून बघितलं.