'कपडे' खोडण्याआधी मला विचारायचं होतं

आज लेकीची निबंधाची वही बघितली आणि डोकंच फिरलं. "आईने वाळलेल्या कपड्यांच्या घड्या केल्या" हे तिचं वाक्य. 'कपड्यांच्या'वर लाल शाईची रेघ, वर 'वस्त्रांच्या' आणि समासात शेरा : परभाषी शब्द टाळा.

परभाषी? कोणी सांगितलं? संस्कृतात 'कर्पट', प्राकृतात 'कप्पड', त्यातून आपलं 'कापड' आणि त्याचाच सख्खा भाऊ 'कपडा'. 'कर्म'चं 'कम्म' आणि 'कम्म'चं 'काम' झालं, तसंच हे. पायजमा खोडला असता तर एक वेळ समजू शकते, तो फारसीतलाच, पाय अधिक जामा. कपड्यांनी काय घोडं मारलंय? हिंदीचं वळण असेल त्याला, असू दे. मूळ घरचंच ना!

आणि कर्पट म्हणजे काही भरजरी शेला नव्हे. चिंधी, ठिगळ लावलेलं, विरलेलं. अमरकोशात तो जीर्ण वस्त्राच्याच ओळीत बसलाय. अशा फाटक्या कपड्यांत तीर्थाला निघणारा तो 'कार्पटिक', जुन्या मराठीतला 'कापडी'.

हे कळलं तेव्हा मला माझी आजीच दिसली. लुगडं विरलं की ती काठाशी दाताने चीर पाडायची आणि टर्रकन उभं फाडायची. "आता कुठे कापड मऊ झालंय," म्हणायची. तिच्या तोंडी 'वस्त्र' यायचं ते फक्त देवाच्या कापसाच्या वस्त्रांपुरतं. मग आजी अशुद्ध बोलत होती का?

'वस्त्र' सुंदर शब्द आहे, मान्य. 'अन्न, वस्त्र, निवारा'मध्ये मीही कपडे घालणार नाही. पण दोरीवर वाळतात ते कपडेच. नाटकवाल्यांचाही 'कपडेपट' असतो.

बाईंना वह्यांचा ढीग तपासायचा असतो, घाईत झालं असेल. इथवर लिहिताना राग उतरलाही होता. पण मघाशी लेक विचारत होती, "आई, आपण घरी चुकीचं बोलतो का गं?" ते आठवलं आणि पुन्हा भडकले.

तिला आजीची गोधडी काढून दाखवली. मधल्या ठिगळावर हात ठेवून सांगितलं, हे बघ, हे कर्पट. तिने शिवणीवरून बोट फिरवलं, दोन ठिकाणी दोरा सुटलाय तिथे थांबली. "मग मी परत कपडेच लिहू?"

लिही म्हटलं. खाली सही मी करते.