दगड की वीट? नव्या अमेरिकन मतदारासाठी मार्गदर्शन

अभिनंदन! ग्रीन कार्डाची रांग संपली, शपथ झाली, हातातल्या छोट्या झेंड्यासकट काढलेला फोटो साताऱ्यापासून सिडनीपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांपर्यंत पोचला. आता तुम्ही अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निवडणार. तेहतीस कोटींहून जास्त माणसं चाळून दोन नावं तुमच्यासाठी आधीच काढून ठेवलेली असतील. ती वाचून चेहरा पडेल. पडू द्या, तो इथल्या नागरिकत्वाचाच भाग आहे. फक्त काही पथ्यं पाळा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चिडायचं ते नोव्हेंबरात, अंतिम मतदानाच्या वेळी. जानेवारी ते मार्च अजिबात चिडू नका, कारण त्या काळात पक्षांचे उमेदवार ठरत असतात आणि चिडण्याचा उपयोग होण्याचा धोका असतो. 2024 मध्ये 15 जानेवारीला आयोवात हाडं गोठवणारी थंडी होती. बत्तीस लाख वस्तीच्या त्या राज्यात रिपब्लिकनांच्या कॉकसला, म्हणजे उमेदवार निवडायच्या पक्षबैठकांना, जेमतेम एक लाख दहा हजार माणसं घराबाहेर पडली आणि देशाला दिशा दाखवून परत गेली. 12 मार्चपर्यंत बायडन आणि ट्रम्प दोघांचीही, पक्षाची उमेदवारी मिळायला लागणाऱ्या प्रतिनिधींची बेरीज पुरी झाली. न्यू जर्सीची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायचं मतदान, होतं 4 जूनला. म्हणजे तिथल्या एडिसनकरांनी आपला उमेदवार निवडला, तो निवडून झाल्यावर बारा आठवड्यांनी. इतका निवांतपणा दुसरी कुठली लोकशाही देते?

फ्लोरिडातल्या डेमोक्रॅट मतदाराची तर पक्षाने आणखीच काळजी घेतली. पक्षाने बायडन हे एकच नाव पाठवलं, आणि नाव एकच म्हटल्यावर प्रायमरीच रद्द झाली. लोकांचं पेट्रोल वाचलं. पुढे 21 जुलैला बायडन यांनीच माघार घेतली आणि त्या वर्षीच्या प्रायमरीत उभ्याच नसलेल्या कमला हॅरिस उमेदवार झाल्या. ज्यांनी थंडीवाऱ्यात जाऊन बायडनना मत दिलं होतं, त्यांना निदान व्यायाम झाला.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे असल्या वेळी ‘नोटा’ असतो. असतो खरा. 2019 च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये तर ‘नोटा’ 27,500 मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला होता. त्याने निवडून आलेल्या उमेदवाराची झोप उडाल्याचं ऐकिवात नाही. अमेरिकेत ही सोय राज्यपातळीवर फक्त नेव्हाडात आहे, तीही 1975 पासून, म्हणजे आपल्या ‘नोटा’च्या कितीतरी आधी. तिथल्या मतपत्रिकेवर ‘यांपैकी कोणीही नाही’ अशी वेगळी ओळच असते. 6 फेब्रुवारी 2024 च्या रिपब्लिकन प्रायमरीत निकी हेली यांना 30 टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि ‘कोणीही नाही’ला 63 टक्के. दणदणीत विजय! फक्त कायद्याप्रमाणे ‘कोणीही नाही’ जिंकू शकत नाही. शिवाय त्या प्रायमरीतून प्रतिनिधी निवडलेच जाणार नव्हते. ते दोन दिवसांनी कॉकसमध्ये ठरले, आणि ट्रम्प तिथे उभे होते. तरीही तुम्हाला हा आनंद हवाच असेल तर लास वेगासला घर बघा. नशीब आजमावायच्या इतर सोयीही तिथे आहेत.

घर हलवणं जमत नसेल तर राहत्या राज्याशी जुळवून घ्या. राष्ट्राध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांचे इलेक्टर, आणि बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला त्या राज्याचे सगळेच मिळतात. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियाने राष्ट्राध्यक्षपदासाठी शेवटचा रिपब्लिकन निवडला 1988 मध्ये, टेक्सासने शेवटचा डेमोक्रॅट 1976 मध्ये. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला किंवा टेक्सासमधल्या डॅलसला राहणाऱ्याने मतदानाच्या आदल्या रात्री जागून चिंतन करणं म्हणजे निव्वळ वीज जाळणं. चिंतन पेन्सिल्व्हेनियावाले करतील, कारण त्यांचं राज्य कुठेही झुकू शकतं आणि त्यांच्याच दारात उमेदवार येऊन उभे राहतात.

तिसऱ्या उमेदवाराचा विचार मात्र मनात आणू नका. आणलात तर पॉटलकच्या पंगतीत कोणीतरी पाणीपुरी हातात घेऊन तुम्हाला 2000 सालचं फ्लोरिडा ऐकवेल: डेमोक्रॅट अल गोर यांच्याविरुद्ध बुश जिंकले 537 मतांनी आणि तिसऱ्या राल्फ नेडरने घेतली होती 97 हजारांवर मतं. त्याला उलट 1992 च्या रॉस पेरोंची गोष्ट सांगू नका. देशभरातून जवळजवळ 19 टक्के मतं आणि 538 इलेक्टरांपैकी शून्य. तुमचा मुद्दा आणखीच पडेल.

2024 मध्ये तिसऱ्या पर्यायाचं प्रात्यक्षिक फार सुंदर झालं. ‘नो लेबल्स’ नावाच्या संघटनेने मोठा गाजावाजा करून मधला मार्ग शोधला आणि एप्रिलमध्ये जाहीर केलं की मार्ग तयार आहे, त्यावरून चालायला उमेदवार सापडत नाही. रॉबर्ट केनेडी ज्युनियर हे तर स्वतःच उमेदवार होते. मतपत्रिकेवर यायला त्यांनी राज्याराज्यांत सह्या गोळा केल्या, कोर्टकचेऱ्या केल्या. ऑगस्टमध्ये त्यांनी मोहीम थांबवून ट्रम्पना पाठिंबा दिला. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये आपलं नाव मतपत्रिकेवर पुन्हा घालावं म्हणून, आणि मिशिगन-विस्कॉन्सिनमध्ये ते काढावं म्हणून, ते सर्वोच्च न्यायालयात गेले. दोन्हीकडे नकार मिळाला. हवं तिथे नाव नाही, नको तिथे आहे. तिसऱ्या उमेदवाराची अमेरिकेतली अवस्था याहून नेमकी कोणी दाखवू शकणार नाही.

मतपत्रिकेवर स्वतःच्या हाताने नाव लिहायचीही सोय बऱ्याच राज्यांत असते. दर वेळी काही मतं मिकी माऊसला जातात. पुष्कळ राज्यांत आधी नोंद केलेल्या नावांचीच मोजणी होते, मिकीने अर्ज भरलेला नसतो. पण लिहिताना बरं वाटतं.

पसंतीक्रमाचा विषयही टाळा. पुण्यात पदवीधर मतदारसंघाला 1, 2, 3 आकडे टाकून आलेल्या माणसाला वाटतं, यात काय एवढं? मेन राज्याने 2020 मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी अशी मतं घेतलीही. म्हणून उत्साहाने तुम्ही कोणाला सांगायला जाल, तर नोव्हेंबर 2024 आठवा. पसंतीक्रमाच्या मतदानाचा प्रस्ताव नेव्हाडा, कोलोरॅडो, ओरेगॉन आणि आयडाहोच्या मतदारांपुढे आला आणि चौघांनीही तो फेटाळला. मिझुरीने तर त्यावर बंदीच आणली. होय, त्याच नेव्हाडाने, जिथे नऊ महिन्यांपूर्वी ‘कोणीही नाही’ निवडून आला नाही म्हणून हळहळ झाली होती. दोनच पर्याय मिळतात ही तक्रार इथल्या माणसाला प्राणापलीकडे प्रिय आहे. ती दूर करायला निघालात तर तुमच्याशी बोलणं टाकतील.

तेव्हा दगडापेक्षा वीट मऊ म्हणायचं आणि वीट उचलायची. शेजारी दगड उचलेल आणि तोच मऊ आहे असं चार वर्षं तुम्हाला पटवत राहील. तुम्हीही त्याला वीट दाबून दाखवा. मतदान करून आल्यावर स्टिकर छातीवर लावून फोटो टाका. कोणाला दिलं असं कोणी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, नुसता उसासा टाकायचा. तो दोन्ही पक्षांत चालतो.

आणि 2028 चं आत्तापासून काही मनावर घेऊ नका. पक्षाची नोंदणी, प्रायमरीच्या तारखा, गावातल्या पक्ष समितीची बैठक असलं काही घेऊन कोणी दारात आलंच तर नम्रपणे सांगा की जमणार नाही, गणपतीच्या ढोल-ताशाचा सराव आहे. त्याच्यासोबत तारीख बघत बसू नका. जानेवारी असला तरी चालेल.