धोंड्याच्या महिन्यातला निवाडा

गाणे ऐकायच्या ॲम्प्लिफायरात सासरे वॉल्व्हचे, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांचे, भक्त आणि मेहुणा ट्रान्झिस्टरचा, अशा घरचे जावईपण किती अवघड असते, हे अनुभवल्याखेरीज कळायचे नाही. यंदा अधिक महिना ज्येष्ठात, म्हणजे ऐन मे महिन्यात आला. पंचवटीतल्या सासुरवाडीचे आमंत्रण आले, तेव्हाच मी ओळखले की ३३ अनारशांच्या मोबदल्यात माझ्याकडून निवाडा मागितला जाणार आहे.

सासऱ्यांच्या ॲम्प्लिफायरमध्ये चार ईएल ३४ वॉल्व्ह आहेत. त्यांपैकी एकाची नुसती तार लाल करायला साडेनऊ वॅटच्या आसपास वीज लागते; बाकीची उष्णता निराळी. पंख्याच्या घरघरीने मंद्र सप्तक बिघडते, म्हणून मैफल सुरू होताच तो बंद केला जातो. नाशिकची हवा थंड असते असे सांगणाऱ्यांनी मे महिन्यातल्या दुपारी त्या खोलीत एक विलंबित ख्याल ऐकून दाखवावा. अर्थात पुरता ख्याल तिथे कधी ऐकायला मिळतच नाही. समेवर येण्याआधीच मेहुणा बटण फिरवून आपला ॲम्प्लिफायर जोडतो आणि “आता सांगा, भाऊजी,” म्हणून माझ्याकडे पाहतो.

सातपूरच्या कारखान्यात इंजिनिअर असलेल्या मेहुण्याच्या मते ली डी फॉरेस्टचा १९०६ सालचा ट्रायोड, म्हणजे आद्य वॉल्व्हांपैकी एक, थोर होता खरा, पण १९४७ च्या डिसेंबरात बेल लॅबोरेटरीजमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला तेव्हाच वॉल्व्हने सन्मानाने निवृत्त व्हायला हवे होते. सासऱ्यांचा राग मात्र सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरांवर आहे, आणि तो अगदीच अनाठायी नाही. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांत ध्वनिलहर शून्यावरून पलीकडे जाताना एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे नीट सोपवली जात नसे आणि हळू आवाजातले गाणे खरखरीत लागे. तो दोष कधीच दूर झाला. राग तेवढा ताजा आहे.

वादाचा खरा गाभा मात्र सुरेल आहे. बरेच वॉल्व्ह ॲम्प्लिफायर मूळ आवाजात थोडी भर घालतात. त्या भरीत काहींमध्ये दुसरा हार्मोनिक ठळक असतो, म्हणजे त्याच स्वराचा वरच्या सप्तकातला जोडीदार. त्यामुळे ती कानाला परकी वाटत नाही. “तंबोऱ्याला जवारी लावतात, ती काय दोष म्हणून?” असे सासरे विचारतात. त्यावर मेहुणा म्हणतो, “बाबा, ती जवारी गाणाऱ्याने स्वतः लावून घेतलेली असते. ध्वनिमुद्रण झाल्यावर त्यावर दुसरी जवारी लावणारे आपण कोण?” माझ्या मते या प्रश्नाला उत्तर नाही, पण अनारसे पुढ्यात असताना जावयाने असे मत उघड करू नये.

मेहुण्याचे ब्रह्मास्त्र म्हणजे बॉब कार्व्हर. १९८५ च्या सुमारास या अमेरिकन अभियंत्याने आपल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये असे फेरफार केले, की त्याच्या आणि एका महागड्या वॉल्व्ह ॲम्प्लिफायरच्या आवाजातला फरक ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या जाणकारांनाही ओळखता येईना. हे ऐकून सासरे शांतपणे म्हणाले, “म्हणजे शेवटी त्याने नक्कल वॉल्व्हचीच केली ना?”

अखेर पडद्याआड परीक्षा ठरली. व्होल्टमीटर लावून दोन्हींचे आवाज समान केले, मध्ये सासूबाईंची चादर टांगली आणि सासऱ्यांनी प्रत्येक वेळी बिनचूक उत्तर दिले. मेहुण्याचा चेहरा उतरला. मग त्याच्या लक्षात आले, की वॉल्व्ह ऐन वेळी जळू नयेत म्हणून तो दर फेरीला वापरात नसलेले यंत्र पुरते बंद करत होता, आणि वॉल्व्हची पाळी आली की ते तापेपर्यंत खोलीत अर्धा मिनिट शुकशुकाट असे.

आता फेरपरीक्षा दोन्ही यंत्रे चालू ठेवून व्हायची आहे. चादरीतून वॉल्व्हचा लाल उजेड दिसेल म्हणून यंत्रेच शेजारच्या खोलीत हलवायची, स्पीकरच्या तारा लांबवायच्या, असे एकमताने ठरले. तार घ्यायला आम्ही तिघे महात्मा गांधी रोडवर गेलो. साधी तांब्याची तार पुरेल असे मेहुणा म्हणाला, आणि सासरे दुकानाच्या पायरीवरच थबकून माझ्याकडे वळले, “जावईबापू, तुम्हीच सांगा.”