थंडीसाठी स्थळ पाहणे आहे

आमचे हे पुढच्या वर्षी रिटायर होतायत आणि त्यांनी जाहीर करून टाकलंय की उरलेलं आयुष्य जिथे खरी थंडी पडते तिथेच काढायचं. डोंबिवलीत काय, पारा 17 वर आला की लोक माळ्यावरचे स्वेटर काढतात आणि त्यांचा डांबरगोळ्यांचा वास जाईपर्यंत थंडी संपलेली असते. सांताक्रूझला 22 जानेवारी 1962 ला 7.4 होतं, हे तर घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर ऐकावंच लागतं. बरं, हाच माणूस 17 मध्ये माकडटोपी घालून झोपतो, पंखा मात्र तीनवर पाहिजे.

मग एक्सेल शीट उघडली. पहिला नंबर अर्थात निफाडचा, 2018 च्या डिसेंबरात 1.8 गेलेलं. तिथे माझ्या मावसबहिणीची द्राक्षबाग आहे, तिला फोन लावला तर म्हणते, "थंडी बघायला येताय? या की, इथे मणी तडकतायत आणि रात्री बागेत शेकोट्या पेटवायला माणूस मिळत नाहीये, दाजींना आणाच."

नागपूर मी मध्येच कापलं, माहेर आहे माझं. त्याच डिसेंबरात तिथेही 3.5 झालेलं, मान्य, पण मे महिन्यात 45 मध्ये कूलरमध्ये बादल्या कोण ओतणार?

पुण्याचं तर वेगळंच. एकाच पहाटे शिवाजीनगरला 9 आणि मगरपट्ट्यात 15, कारण मोकळ्या जागेतली उष्णता रात्री भराभर निघून जाते आणि काँक्रीट ती धरून बसतं. ह्यांनी ब्रोकरला विचारलं, "या फ्लॅटचं मिनिमम किती?" तो बिचारा मेंटेनन्सचा आकडा सांगायला लागला.

महाबळेश्वर मनात भरलं होतं, वेण्णा लेकवर दव गोठतं म्हणून, पण वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, घरांना गवताच्या झडी बांधून आत बसायचं, कपडे वाळणार कधी हा प्रश्न पुरुषांना पडतच नाही. म्हणून पाचगणी. वीसेक किलोमीटरवर, पण डोंगराच्या आडोशाला, पाऊस साधारण तिसरा हिस्सा. हे एकटेच जानेवारीत खोली घेऊन ट्रायलला गेले.

पहिल्याच सकाळी सहाला फोन. नळाला बर्फासारखं पाणी, आणि मालक म्हणतो सोलर आहे साहेब, ऊन वर आलं की येईल गरम. अकरा वाजता परत फोन, व्हरांड्यात उन्हात बसलेले, अजून बिनआंघोळीचे, आवाज एकदम मऊ, "अगं, डोंबिवलीत आज किती आहे गं?"

आता शीटमध्ये नवीन कॉलम आलाय, गिझर. निफाडपुढे तिथे प्रश्नचिन्ह आहे आणि बहिणीला विचारायचं काम अर्थातच माझ्याकडे.